ऐरोलीत गच्चीवर मधमाश्या पाळायच्या आहेत. लाकडी पेटी घ्यावी की परदेशात वापरतात ती थर्माकोलची?

तुम्ही लिहिलंय की वरच्या मजल्यावर घर आहे, गच्चीला सोसायटीची तोंडी परवानगी आहे आणि व्हिडिओत पाहिलेल्या पांढऱ्या पॉलिस्टायरिनच्या (म्हणजे घट्ट थर्माकोलच्या) पेट्या मनात भरल्या आहेत. मी ठाण्यात राहतो. येऊरच्या पायथ्याशी एका मित्राच्या जागेत माझ्या सात पेट्या आहेत, सगळ्या सातेरी या देशी माशीच्या आणि सगळ्या लाकडी. मधली दोन वर्षं आठवी होती, ती पॉलिस्टायरिनची. तिचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पेटीच्या आधी माशी ठरवावी लागते. डेन्मार्क, फिनलंड, जर्मनीत ज्या पेट्या दिसतात त्या मेलिफेरा म्हणजे युरोपियन माशीच्या मापाच्या. ती माशी अंगाने मोठी, तिची वसाहत मोठी, आणि तिला फुलोरा लागतो तोही एकरांच्या हिशेबात. मोहरी, सूर्यफूल असं पीक जिथे असेल तिथे पेट्या हलवत न्याव्या लागतात. ऐरोलीच्या गच्चीवर ती जुलैत उपाशी मरेल. आपली माशी सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, सोसायटीच्या मीटर बॉक्समध्ये एकाशेजारी एक अशी पोळी लावणारी ती हीच. (टॉवरच्या छज्जाखाली एकच भलंमोठं पोळं लोंबतं ते आग्या मोहोळ. आग्या पेटीत राहत नाही, त्या भानगडीत पडू नका.) सातेरीसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं 'ए टाईप' पेटी चालते. तिच्या चौकटीची (माश्या जिच्यात पोळं बांधतात त्या फ्रेमची) आतली लांबी 210 मिमी आणि उंची 145 मिमी. परदेशात सर्रास चालणाऱ्या लँगस्ट्रॉथ पेटीतल्या चौकटीची वरची पट्टीच 482 मिमी, म्हणजे दुपटीच्या आसपास.

हा फरक मला आकड्यांत माहीत होता, पण त्याने काय होतं ते कळलं नव्हतं. भाच्याने डेन्मार्कहून येताना सहा फ्रेमची एक छोटी पॉलिस्टायरिनची पेटी आणली. "मामा, तिकडे सगळे हीच वापरतात." देखणी होती. मी आत आडवी पट्टी ठोकून ए टाईपच्या फ्रेम टांगल्या, उरलेली जागा प्लायने बंद केली आणि एक लहान वसाहत सोडली. फ्रेमखाली चांगली तीन इंच पोकळी राहतेय, हे दिसत होतं. म्हटलं, असू दे.

मधमाशीला पोळ्यांच्या आजूबाजूला रिकामी पोकळी खपत नाही. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधुपालाने 1852 मध्ये पेटंट घेतलेली पेटी याच निरीक्षणावर उभी आहे: साधारण 8-9 मिमीची फट माशी ये-जा करायला मोकळी ठेवते, त्याहून मोठी दिसली की तिथे मेण बांधते. सातेरीला ही फट आणखी थोडी कमी लागते. मी दहाव्या दिवशी झाकण उघडलं आणि पहिली फ्रेम उचलली तेव्हा खालून 'चर्र' असा आवाज आला. फ्रेमखाली माश्यांनी तळापर्यंत नवं पांढरंशुभ्र पोळं बांधलं होतं आणि ते बाजूच्या भिंतीला चिकटवलं होतं. माझ्या हातात अर्धं आलं, अर्धं पिल्लांसकट खाली पडलं. सातेरीचा स्वभाव तुम्हाला लवकरच कळेल: त्रास झाला की ती भांडत बसत नाही, घर सोडते. आठ दिवसांत पेटी रिकामी.

पुढच्या हिवाळ्यात मी खोटा तळ बसवून पोकळी घालवली आणि पुन्हा प्रयत्न केला. या वेळी वसाहत टिकली, त्यामुळे तुलना करता आली.

पॉलिस्टायरिनचं खरं काम उष्णता अडवणं. लाकडाच्या तुलनेत ते तीन-चार पट चांगलं अडवतं, आणि भिंतीही जाड असतात. पिल्लांच्या भागात माश्या 34-35 अंश तापमान राखतात. बाहेर बर्फ असेल तर त्यासाठी मधाचा बराच साठा जळतो, म्हणून तिकडच्या लोकांना ही पेटी सोन्यासारखी वाटते. आपल्याकडे जानेवारीतही रात्रीची थंडी एका शालीची. तो फायदा इथे कामाचा नाही. उन्हाळ्यात मात्र फरक जाणवला, हे मान्य करतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता लाकडी पेटीच्या पत्र्याखाली हात ठेववत नव्हता, आणि पांढऱ्या पेटीचं झाकण आतून चक्क गार होतं. लाकडी पेटीच्या दारात पंखांनी वारा घालून पेटी गार करणाऱ्या माश्यांची रांग लागलेली, इकडे पाच-सहाच.

मग पाऊस आला. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाकडी पेट्या फुगल्या, एकीचं झाकण जुलैत उघडेचना, तळपाटावर बुरशी आली. पॉलिस्टायरिनला यातलं काही झालं नाही. ना कुजणं, ना वाळवी. पण ते ओल शोषतही नाही, त्यामुळे माश्यांच्या श्वासाची वाफ आतल्या भिंतीवर थेंब होऊन उभी राहायची. तळाला जाळी नसेल तर ही पेटी आपल्या हवेत घेऊच नका.

एवढं असतं तरी मी ती ठेवली असती. एका सकाळी स्टँडखाली साबुदाण्यासारखे पांढरे मणी पडलेले दिसले. वाकून पाहिलं तर मुंग्या एकेक मणी तोंडात धरून पेटीच्या भिंतीतून बाहेर आणत होत्या. भिंतीत त्यांनी बोळ पाडले होते. चाकूने एक तुकडा कापला तर आत मेणकिड्याच्या (पोळ्याचं मेण खाणाऱ्या पतंगाच्या) अळ्यांचीही भुयारं. लाकडी पेटीत मेणकिडा शिरला तर पेटी रिकामी करून ब्लोलँपची ज्योत आतून फिरवता येते. इथे ज्योत चालत नाही, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासत बसा, आणि भुयारात ब्रश जात नाही. ऑगस्टमध्ये माश्या गेल्या.

रंगाचा किस्सा राहिलाच. पॉलिस्टायरिन उन्हात पिवळं पडून भुगा होतं, त्याला बाहेरून रंग लागतोच. रंगाच्या दुकानात मला ऑइलपेंट आणि थिनर देण्यात आलं, मीही घेतलं. पहिला हात फिरवल्यावर ब्रशखाली कोपरा बसला, उन्हात कुल्फी बसते तसा. पाण्यात कालवायचा बाहेरच्या भिंतींचा रंगच लावायचा, हे मी झाकणाचा कोपरा गमावून शिकलो. माश्या शांत करायचं गरम धुराडं झाकणावर टेकवलं तरी तीच गत.

आणि कृपा करून फिश बॉक्सच्या थर्माकोलची पेटी घरी करू नका. पेटीचं पॉलिस्टायरिन घनमीटरला शंभरेक किलोचं असतं, मखराचं दहा-वीस किलोचं. माश्याच ते कुरतडून काढतील.

तेव्हा माझं मत: ए टाईप लाकडी पेटी घ्या, सागवानी मिळाली तर उत्तम. बाहेरून जवसाचं तेल दोन हात, आतून काहीही लावू नका. आणि परदेशी पेटीचा जो एकमेव गुण आपल्या कामाचा आहे, तो झाकणात उचला. पत्र्याखाली इंचभर थर्माकोलची पाटी घालायची आणि तिच्याखाली प्लाय ठोकून कडा मेणाने बंद करायच्या, म्हणजे मुंगी शिरत नाही. 2018 च्या बंदीनंतर मखराचं थर्माकोल मिळत नाही, पण फ्रीज-वॉशिंग मशीनच्या खोक्यातलं कोणाच्याही पोटमाळ्यावर सापडेल. माझ्या सातही पेट्यांना आता अशी झाकणं आहेत आणि मेमधली पंखेवाल्यांची रांग निम्म्यावर आली आहे. झाकण पेटीच्या चारी बाजूंनी दोन इंच बाहेर ठेवा, आणि पेटी पुढच्या बाजूला किंचित कलती, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

स्टँडचे पाय वाट्यांत ठेवावे लागतील, मुंग्यांसाठी. पुस्तकात त्यात पाणी घाला म्हणतात. गच्चीवर साचलेलं पाणी दिसलं की डेंग्यूच्या तपासणीला येणारी पालिकेची माणसं नोटीस देतात, म्हणून जुनं इंजिन ऑइल घाला. गच्चीची पश्चिमेकडची बाजू टाळा. तोंडी परवानगीवर राहू नका, लेखी घ्या. कुणाला कुठेही गांधीलमाशी चावली तरी बोट तुमच्या पेटीकडेच जाईल.

चाऱ्याचं म्हणाल तर ऐरोली वाईट नाही. खाडीकाठचं तिवर उन्हाळ्यात फुलतं, रस्त्याकडेचे सोनमोहोर आणि करंज आहेत, सोसायट्यांमध्ये शेवगा आणि नारळ. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र साखरेचा पाक द्यावाच लागेल, साखर-पाणी एकास एक, संध्याकाळी. पहिल्या वर्षी मधाची आशा धरू नका. वसाहत विकत घेण्याआधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाची चौकशी करा. मंडळाच्या योजनेत पेट्यांना निम्मं अनुदान मिळतं, ते आधी कळलेलं बरं.

भाच्याची पेटी मी फेकली नाही. भुयारं प्लास्टरने बुजवली, आणि आता कुणाच्या मीटर बॉक्समध्ये सातेरी बसली असा फोन आला की तीच घेऊन जातो. दीड किलोची आहे, स्कूटरच्या पायाशी बसते, आणि भर दुपारी कळव्याहून येऊरपर्यंत आणताना आतल्या माश्या तापत नाहीत. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी लाकडी पेटीत हलवतो.