ड्रॅगची गाडी: बांधायची की तयार घ्यायची?

प्रश्न: आमच्या घरी २००१ ची मारुती एस्टीम पडून आहे. तिचीच ड्रॅगची, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीची, गाडी करू, असं धाकट्या भावाचं म्हणणं. मला कोल्हापूरकडे एक तयार एस्टीम विकाऊ असल्याचं कळलंय, केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पाइपांचा पिंजरा) आणि रेसिंग सीटसकट. दोघांचे मिळून चार लाख आहेत. काय करावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. केज बसवलेला सांगाडा तयार घ्या, इंजिन स्वतः बांधा आणि घरची एस्टीम सुट्या भागांसाठी ठेवा. गिअरबॉक्स, एक्सल, हब लागतीलच.

असं सांगायला कारण आहे. बोरिंग-होनिंग (सिलिंडर कापून घासणं) आणि हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट घासणं) बेळगावच्या उद्यमबागेत नीट होतं. तिथल्या लेथवाल्यांना शतांश मिलिमीटर समजावून सांगावा लागत नाही. केजचं तसं नाही. गेट-ग्रीलचा वेल्डर कितीही सफाईदार असो, तो हाताशी असलेला शिवणीचा (पत्रा वळवून जोडलेला) पाइप वाकवणार. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटारस्पर्धा संघटनेच्या नियमाप्रमाणे मुख्य कमानीला (चालकामागची) बिनशिवणीचा कोल्ड ड्रॉन पाइप लागतो, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, नाहीतर ५० बाय २. बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ चालतात. जीआय पाइप दिसला तर तिथूनच माघारी फिरा: वेल्ड करताना जस्त जळतं आणि सांध्यात छिद्रं राहतात.

तयार गाडी बघायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका, कमानीच्या पायाशी बसा. फरशीच्या पत्र्याला किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंमीची प्लेट हवी. ती नसेल तर गाडी उलटल्यावर कमान पत्रा फाडून खाली जाते. वळणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. सुरकुती लागली तर पाइप वाकवताना दबलाय. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, इंजिन गरम असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिनचे पैसे देऊच नका. तसंही ते तुम्ही उतरवणार आहात. ईसीयू (इंजिनचा संगणक) बदललेला असेल तर मॅपची (त्यातल्या पेट्रोल-स्पार्कच्या आकड्यांची) फाइल आणि पासवर्ड व्यवहारातच मागून घ्या. कुलूपबंद ईसीयू म्हणजे पुढे प्रत्येक बदलाला त्याच माणसाच्या दारात.

कागदांचंही आधीच बघा. एमएच-०९ ची गाडी केए-२२ वर आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी, २९-३० ची नावबदली आणि कर्नाटकचा टॅक्स. इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. पण आतून उघडी केलेली, केज बसवलेली गाडी रस्त्यावर काढायचीच कशाला? ती ट्रॉलीवरूनच न्या.

आता इंजिन. त्याआधी एक हिशेब. ४०२ मीटरला लागणाऱ्या वेळेचा अंदाज काढायला: वजनाला (किलो, चालकासकट) अश्वशक्तीने भागा, घनमूळ काढा, ७.५८ ने गुणा. ९५० किलो आणि ८५ अश्वशक्तीला साधारण १६.९ सेकंद येतात, तेही चाकं न घसरता. १०० किलो उतरवले तर १६.३. हेच साधायला इंजिनातून दहा अश्वशक्ती जास्त काढावी लागेल. मागची सीट, स्टेपनी, कार्पेट, डांबरी पॅड काढायला पाना पुरतो. फक्त हे विसरू नका की केज मीटरला २.२ ते २.६ किलोने वजन परत चढवतो.

एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन, ७४ मिमी बोअर, एका सिलिंडरला ३२५ सीसी. हेड घासण्याआधी ब्युरेटने चेंबर मोजा. हेड, गॅस्केट आणि पिस्टनचा खळगा धरून ३६ सीसी भरलं तर कॉम्प्रेशन रेशो १०. ३३ भरलं तर १०.८. तीन सीसीत एवढा फरक पडतो, म्हणून ‘अंदाजाने एक मिलिमीटर घास’ असं लेथवाल्याला सांगू नका. हेड खाली आलं की टायमिंग बेल्टमुळे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थोडा मागे पडतो. ॲडजस्ट होणारी कॅम पुली नसेल तर घासून मिळवलेलं तिथेच जातं. शेवटी पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिन लावून, हेड तात्पुरतं कसून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. व्हॉल्व्हचा ठसा उमटेल तिथे प्लॅस्टिसिन कापून जाडी मोजा. इनटेकला १.५ आणि एक्झॉस्टला २ मिमीपेक्षा कमी नको.

रिंगची फट बहुतेक गॅरेजांत कुणी मोजतच नाही. नुसती रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने २५ मिमी खाली सरळ ढकला आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. ७४ च्या बोअरला वरच्या रिंगसाठी ०.२५ ते ०.३० मिमी हवी. कमी राहिली तर तापल्यावर रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टनची कड तुटून येते. दोष मग पेट्रोलला दिला जातो. पेट्रोलचंच म्हणाल तर, या वयाच्या गाडीचे रबरी पाइप ई-२० साठी बनलेले नाहीत, सगळे बदला.

चारपैकी एक लाख हात न लावता ठेवा. टायर, क्लच आणि ट्रॉलीचं भाडं त्यातूनच जाणार.

प्रश्न: सुटताना पुढची चाकं जागेवर फिरतात. एका महिन्यात दोनदा एक्सल तुटला. जाड एक्सल करून घेऊ का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: आधी इंजिनचे माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा. रबर मेलं असेल तर इंजिन मागे-पुढे झुलतं, चाक धरतं-सोडतं-धरतं, आणि त्या प्रत्येक धक्क्याला एक्सल पिळला जातो. दुसरं, गाडी सुटताना स्टिअरिंग सरळ ठेवा. वळलेल्या चाकाचा सीव्ही जॉइंट (एक्सलच्या टोकाचा वळणारा सांधा) कमजोर पडतो. गाडी फार खाली बसवली असेल तरी जॉइंट तिरपा चालतो.

फ्रंट व्हील गाडीत सुटताना वजन मागे जातं, नेमकं नको तिथे. म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक, मागे हवा ३८-४०, पुढे २४ पासून एकेक पीएसआय कमी करत २० पर्यंत. दर वेळी पहिल्या १८.३ मीटरचा टाइम लिहून ठेवा. एकूण टाइम बघून हवा ठरवू नका, त्यात गिअर बदलण्यातल्या चुका मिसळलेल्या असतात. इतकं करूनही तुटला तर जाड एक्सल.

प्रश्न: सरावाला रात्री अकरानंतर हायवे रिकामा असतो. चालेल का?
– एक वाचक, काकती

उत्तर: नाही. रस्त्यावर शर्यत लावण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय रिकामा दिसणाऱ्या त्या रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली कधीही आडवी येते. क्लच आणि मॅप डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) बसवा, आणि सुटायचा सराव स्पर्धेआधीच्या सराव फेऱ्यांत करा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथे जमवलेला मॅप चेन्नईच्या दाट हवेत नीट बसत नाही, तेव्हा तिकडे स्पर्धेला जाणार असाल तर लॅपटॉप आणि वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं) सोबत न्या.