फॅटवूड (राळेनं भरलेलं, चटकन पेटणारं पाइनचं लाकूड) गोळा करायला आठ वर्षांच्या मुलाला जंगलात न्यावं का, की सरळ दुकानातून आणावं?

न्या. दुकानात पेटी मिळते, ती घरच्या फायरप्लेसला ठीक आहे. त्यातलं बरंचसं लाकूड मध्य अमेरिकेतल्या पाइनचं असतं, म्हणजे तुमच्या मुलाच्या अंगणातलं नव्हेच. पण मी उत्तर लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो, कॅम्पिंगला जातो, पण आईला हे लाकडं वेचायचं खूळ वाटतं,’ असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे हेच बाबांनी केलं.

बाबा कुडाळ तालुक्यातले. आजीनं जन्मभर डोक्यावरून मोळ्या आणल्या. बाबा शाळेत जायच्या आधी पातेरा गोळा करायचे आणि न्हाणीतल्या चुलाण्यात नारळाची सोडणं घालून पाणी तापवायचे. पुढे मुंबईत साइनबोर्ड रंगवून त्यांनी आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. घरात आलेल्या पहिल्या गॅसचं कार्ड त्यांनी अजून पिशवीत जपून ठेवलंय. हे मला माहीत आहे आणि त्याची किंमतही आहे. म्हणून तर त्यांचं बोलणं झोंबलं.

ते इथे दिवाळीला आले होते. नोव्हेंबरात आम्ही त्यांना युव्हारी नॅशनल फॉरेस्टला घेऊन गेलो. हरणांच्या शिकारीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांना नारिंगी जाकिटं. बाबांना तेच आधी आवडलं नाही. लेक पुढे पळत होती. तिला आता बघूनच कळतं: मेलेल्या पाइनचा करडा बुंधा, बाहेरचा भाग कुजून भुसा झालेला आणि मधला गाभा मात्र टणक उभा. झाड मरताना किंवा जखमी झाल्यावर राळ गाभ्यात साठते. तिच्यामुळे बुरशी लागत नाही, कीड शिरत नाही आणि पाणीही मुरत नाही. लाँगलीफ पाइनचे असे गाभे झाड पडल्यावर कितीतरी दशकं टिकतात. लेक बुटानं ठोकते, खणखणीत वाजलं की चाकूनं छोटी ढलपी काढून वास घेते. आतून लाकूड गुळाच्या ढेपेसारखं तांबूस आणि चिकट निघालं की मग तिचा आरडाओरडा.

तो आरडाओरडा चालू असतानाच बाबा मला म्हणाले, “लाकडा गोळा करूक अमेरिकेत इलंस?”

लेकीला मालवणी कळत नाही, त्यामुळे ती ढलपी घेऊन सरळ त्यांच्याकडेच गेली. बाबांनी नाकाशी धरली आणि पटकन म्हणाले, “टर्पेंटाइन.” बरोबरच आहे. पाइनच्या राळेतूनच ते काढतात, आणि बाबांचा सगळा जन्म त्या वासात गेलाय. मग तिनं आजोबांना शाळेत शिकलेलं सगळं ऐकवलं: नॉर्थ कॅरोलिनाला ‘टार हील’, म्हणजे डांबरी टाच, का म्हणतात, हेच राळेचं लाकूड मातीखाली धुमसवून डांबर कसं पाझरवायचे, ते लाकडी जहाजांना कसं लागायचं. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकर लाँगलीफचं जंगल होतं, त्यातलं जेमतेम काही टक्के उरलं, हेही. बाबा ऐकत होते, मधेमधे प्रश्नही विचारत होते. मला वाटलं, विषय संपला.

कसला संपतोय! रात्री तंबूबाहेर रिमझिम पाऊस. लेकीनं त्याच ओल्या लाकडाच्या बारीक ढलप्या काढल्या आणि एका काडीत पेटवलं. बाबा म्हणाले, छान आहे, पण मुलीच्या जातीला याची काय गरज?

आता ऐका. माझ्या भावाचा मुलगा पुण्यात असतो. त्याला भावानं पैसे भरून ‘सर्व्हायव्हल कॅम्प’ला पाठवलं होतं. तिथे काय शिकवलं? काटक्या गोळा करून आग पेटवायला. तो फोटो बाबांनी फॅमिली ग्रुपवर स्वतः टाकला, खाली ‘शाब्बास वाघा’. म्हणजे नातवानं पैसे भरून काटक्या वेचल्या की वाघ, आणि नातीनं फुकटात शोधल्या तर मोळीवाली. आजीच्या मोळ्यांचं दुःख मी नाकारत नाही. पण तिला रोज डोंगर चढावा लागत होता, दुसरा इलाज नव्हता. माझी लेक शनिवारी हौसेनं जाते, कंटाळली की परत येते. या दोन गोष्टींची बरोबरी करणाऱ्या माणसानं नातवाचा फोटोही टाकू नये.

असो. तुमच्या मुलाचं. आठ वर्षांचं पोर बुंधे शोधू शकतं, वास घेऊ शकतं, आणि त्याला तेच सगळ्यात आवडेल. चाकू तुमच्या नजरेखाली, कुऱ्हाड फक्त मोठ्यांकडे. बुंध्याच्या पोकळीत हात घालायचा नाही हे आधी पढवून न्या. कॉपरहेड साप अशाच जागी बसतात. मेलेल्या झाडावर केसाळ वेल चढलेली दिसली तर ती पॉयझन आयव्ही. पानं गळलेली असली तरी अंगावर उठतेच, आणि जाळली तर धूर त्याहून वाईट.

परवानगीचं तुम्ही विचारलं होतं, ते राहिलंच. नॅशनल फॉरेस्टमध्ये पडलेलं, मेलेलं लाकूड तिथल्याच शेकोटीला चालतं. घरी न्यायचं तर रेंजर ऑफिसमधून परवाना घ्या. स्टेट पार्कमध्ये उचलायच्या भानगडीत पडू नका. लाकूड दूरवर गाडीतून नेऊही नका, त्याबरोबर कीड जाते. पांढरा पट्टा रंगवलेला पाइन दिसला तर त्याच्या आसपास काही करू नका, त्यात एका दुर्मिळ सुतारपक्ष्याचं घरटं असतं. आणि फॅटवूडवर मक्याचं कणीस भाजायला जाऊ नका, काळी काजळी धरते. ते जळून जाऊ द्या, मग भाजा.

आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी बाबांना ग्रुपवर एवढंच विचारलंय की वाघाच्या कॅम्पची फी किती होती. निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.