लेखकाला बोलावताना

पहिलाच कार्यक्रम तुझ्याकडे आलाय, तर आधी तारीख बघ. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन; त्या आठवड्यात बरे वक्ते आधीच कुठेतरी ठरलेले असतात. पावसाळ्यात मिळतील, पण श्रोते निम्मेच धर. मानधन आणि प्रवासखर्च पहिल्याच फोनवर स्पष्ट बोल. खरी मेख पुढेच आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत (तेही लिहून आणलेलं!) यात पाऊण तास जातो आणि पाहुणा रंगात आला की त्याच्या हातात चिठ्ठी पडते, 'आवरतं घ्या'. म्हणून सत्कार शेवटी ठेव. मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असावं, नुसतं मलपृष्ठ नव्हे. पुस्तकविक्रीच्या टेबलावर सुटे पैसे, क्यूआर कोड आणि सहीसाठी चालणारं पेन हवंच.