पॅरामीटर घेणारे रिसिलेक्टचे सिलेक्टर एकमेकांत कसे जोडायचे?

रिसिलेक्ट ही सिलेक्टर बनवणारी लायब्ररी. सिलेक्टर म्हणजे रिडक्सच्या स्टेटमधून (ॲपच्या सामाईक डेटातून) हवा तो भाग काढून देणारं फंक्शन. एका सिलेक्टरला दुकानाचा आयडी लागतो, दुसऱ्याला मालाचा प्रकार. दोन्ही जोडून तिसरा केला की रिकामी यादी येते आणि सगळ्या ओळी पुन्हा रेंडर होतात, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये कांदा लिलावाचे भाव दाखवणाऱ्या ॲपवर काम करतो. मी नेमका इथेच अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

रिसिलेक्ट आर्ग्युमेंट वाटून देत नाही. बाहेरून जे आलं ते सगळं, त्याच क्रमाने, प्रत्येक इनपुट सिलेक्टरला (ज्यांना जोडून नवा सिलेक्टर बनतो त्यांना) मिळतं. माझा एक सिलेक्टर स्टेट आणि बाजार समिती घ्यायचा, दुसरा स्टेट आणि कांद्याची जात. जोडल्यावर दुसऱ्याच्या हातात 'उन्हाळ' ऐवजी 'लासलगाव' पडलं. लासलगाव नावाची कांद्याची जात कुठून सापडणार? यादी रिकामी, आणि एररही नाही. तेव्हा क्रम एकदाच ठरवा: स्टेट, समिती, जात. मग सगळीकडे तोच ठेवा. जुना सिलेक्टर बदलता येत नसेल, तर तिन्ही आर्ग्युमेंट घेऊन त्यातले हवे तेवढेच पुढे देणारं छोटं ॲरो फंक्शन मध्ये घाला.

आता रेंडरचं. रिसिलेक्टच्या आवृत्ती ५ च्या आधी सिलेक्टर मुळात शेवटचा एकच निकाल लक्षात ठेवायचा. लासलगावची ओळ विचारते, मग पिंपळगावची, मग पुन्हा लासलगावची. दरवेळी आधीचं पुसलं जातं, फिल्टर नवा ॲरे देतो आणि युजसिलेक्टरला (कंपोनंटमध्ये सिलेक्टर चालवणाऱ्या हुकला) वाटतं की डेटा बदलला. यावर प्रत्येक ओळीत युजमेमो (एकदा बनवलेली गोष्ट जपून ठेवणारं रिॲक्टचं हुक) वापरून फॅक्टरी फंक्शनने, म्हणजे सिलेक्टर बनवून देणाऱ्या फंक्शनने, स्वतंत्र सिलेक्टर बनवायचा, हा उपाय सगळे सांगतात. पण आतला सिलेक्टर सामाईकच राहिला तर काही उपयोग नाही. तो पुसला जातच राहतो आणि बाहेरच्याला दरवेळी नवा ॲरे देतो. म्हणून आतलाही त्याच फॅक्टरी फंक्शनमध्ये बनवा. माझे दोन दिवस यातच गेले.

जमत असेल तर सरळ ५ वर या. रिडक्स टूलकिट २ मध्ये तीच आहे. तिथे वेगवेगळ्या आर्ग्युमेंटचे निकाल वेगवेगळे टिकतात, त्यामुळे फॅक्टरीची गरज सहसा पडत नाही. शिवाय त्याच आर्ग्युमेंटला इनपुट सिलेक्टर दरवेळी नवा ॲरे देत असेल, तर डेव्हलपमेंटमध्ये कन्सोलवर इशारा येतो. तो दुर्लक्षू नका, फिल्टर इनपुटमधून काढून शेवटच्या फंक्शनमध्ये न्या.

आणि स्टेटची मांडणीही बघा. आमच्याकडे सगळे लिलाव एकाच लांब ॲरेत होते. येवल्याचा एक भाव आला की ॲरे नवा, मग सगळ्याच समित्यांचं गणित पुन्हा. समितीच्या आयडीखाली वेगवेगळे ॲरे ठेवल्यावर येवल्याचा भाव आला तर येवल्याचीच ओळ बदलते.