टर्कीच्या पंगतीत येळवसाची भज्जी

प्रश्न : ताई नमस्कार, मी औसा तालुक्यातली, दिवाळी झाली की पहिल्यांदाच लेकाकडं डॅलसला जायलेय. नोव्हेंबरात तिथं थँक्सगिव्हिंग असतंय म्हणे, सुनेनं ऑफिसातले चार-पाच अमेरिकन मित्र अन शेजारचं पंजाबी कुटुंब जेवायला बोलावलंय. टर्की, म्हणजे तो कोंबडीसारखा मोठा पक्षी, एकजण घरून भाजून आणणार, बाकीच्यांनी एकेक पदार्थ. मी माळकरी. लेक म्हणायलाय आई तू गुलाबजाम कर, पण माझ्या मनात येळवसाची, म्हणजे आपल्याकडच्या वेळा अमावस्येच्या रानातल्या सणाची, हिरव्या दाण्यांची अन पालेभाज्यांची भज्जी अन आंबील आहे. सून म्हणती, तो हिरवा लगदा कोण खाणार?

उत्तर : भज्जीच करा ताई. गुलाबजाम तर तिकडं डब्यात विकत मिळतात, त्यासाठी औशाहून माणूस कशाला न्यायचं!

अन त्यांच्या सणात हे बसतं का, तर चांगलं बसतं. ज्या पंगतीशी हा सण जोडतात ती १६२१ ला अमेरिकेतल्या प्लिमथमध्ये, नव्यानं येऊन राहिलेल्या इंग्रजांकडं सुगीनंतर तीन दिवस झाली, तिथं वाम्पानोआग या मूळ रहिवाशांनी स्वतः पाच हरणं मारून आणली होती, म्हणजे पाहुणे तेव्हाही रिकाम्या हातानं बसले नव्हते. फक्त हा इतिहास ताटावर बसून सांगू नका, त्याच मूळ रहिवाशांपैकी कितीतरी जण १९७० पासून हा दिवस शोकाचा म्हणून पाळतात. तुम्ही आपली येळवस सांगा, रानातली कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात पुजायचे चुना लावलेले दगडाचे पाच पांडव, ओलगे ओलगे सालम पलगे हा पुकारा, अन रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. हे कुणालाबी समजतं.

आता सामान. तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वाल, मटार सगळं इंडियन स्टोअरला फ्रोझन मिळतं, चिंच-बेसनाचा तर प्रश्नच नाही. मेथी, पालक, गाजर, वांगं ताजं घ्या. मिरची मात्र निम्मी. फोडणीत किंवा कुटात शेंगदाणा असेल तर आधीच सांगा, तिकडं त्याची ॲलर्जी असणारे बरेच असतात. आंबील आदल्या रात्रीच करून ठेवा, ज्वारीचं पीठ शिजवून गार झाल्यावर ताकात कालवायचं, लसूण ठेचून, बास. द्यायची मात्र छोट्या कपात, आंबट चव पहिल्या घोटाला सगळ्यांनाच पटते असं नाही. आणि हो, भज्जी म्हटलं की पंजाबी शेजारीण तळलेली भजी समजून वाट बघत बसणार, तिला आधी झाकण उघडून दाखवा.

तुमच्या माळेचं म्हणाल तर टर्की दिसते, ती टाळणं सोपं. फसवणारं वेगळंच असतं. स्टफिंग पावाचं दिसतं पण बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात भिजवलेलं, ग्रेव्ही तर टर्कीच्याच रसाची, रताळ्यावरचं पांढरं मऊ मार्शमेलो त्यात जिलेटिन, अन भोपळ्याच्या पायमध्ये अंडं. क्रॅनबेरीची चटणी बहुतेक चालते, तरी विचारून घ्या. तुमचं पातेलं अन पळी टेबलाच्या एका टोकाला वेगळी ठेवा, नाहीतर तीच पळी ग्रेव्हीत बुडते, माझ्या डोळ्यांदेखत बुडालीय.

सुनेला एवढंच म्हणा, दोन वाट्या जास्तीची कर. भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त लागते, अन त्या सणाला उरलेलं डब्यात भरून घरी न्यायची पद्धतच आहे.