पहिल्यांदाच क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी, खेळतोयस, तर एवढं वाच

डोमेन, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या शक्तींचं क्षेत्र, निवडायच्या आधी देव निवड. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवून खेळायच्या खेळाच्या २०१४च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये क्लेरिकला सात डोमेन होती आणि नवीन खेळाडू बहुतेक वेळा पार्टीला, म्हणजे सोबतच्या पात्रांच्या गटाला, मलमपट्टी करणारा हवा म्हणून 'लाइफ' घेऊन मोकळा होतो. घे, पण तुझा पुजारी नेमका कोणाचा आणि रोज करतो काय, हे आधी ठरव.

मी केलेम्वोरचा पुजारी दीड वर्ष खेळलो. केलेम्वोर म्हणजे फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगातला मृतांचा न्याय करणारा देव. लढाई संपली की बाकीचे नाणी मोजायचे, माझा पुजारी मेलेल्या गॉब्लिनचे डोळे मिटायचा, जमलं तर नाव विचारून ठेवायचा. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पुढे त्याच नावांवरून अख्खा एक सेशन रचला! प्रेतं उठवणारा मांत्रिक समोर आला, तेव्हा माझ्या पात्राचा राग कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

मंत्रही आपल्या पद्धतीने म्हण. २०१४च्या नियमांत 'ब्लेस' या आशीर्वादाच्या मंत्राचं साहित्य म्हणजे पवित्र पाण्याचा शिडकावा होता. पहाटेच्या देवाचा, लाथँडरचा, पुजारी ते पाणी सूर्य उगवताना भरून ठेवेल, युद्धदेवाचा थेट शिरस्त्राणावर ओतेल. नियम तोच, माणूस वेगळा.

आणि एक शंका ठेव. देव खरोखर उत्तर देतो अशा जगातही पुजाऱ्याला न पटणारी एखादी आज्ञा असू दे. ती कोणती, ते डीएमला पहिल्या सेशनआधीच सांगून ठेव.