होमस्टे आणि पर्यटनामुळे गावातल्या जमिनीचा वापर खरंच बदलतो का?

बदलतो, आणि सुरुवात शेतापासून नाही, घराच्या खळ्यापासून, म्हणजे अंगणापासून होते. मालवणजवळचं देवबाग बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे इथं आधी पडवीला लागून एक खोली वाढली, मग मांगराच्या (गुरं, अवजारं ठेवायच्या खोपटाच्या) जागी संडास-बाथरूमसह दोन खोल्या, मग खळ्यात पेव्हर ब्लॉक टाकून गाड्यांची सोय. सातबारावर बागायत तशीच, वापर मात्र लॉजचा!

खरी अडचण पाण्याची. वाळूतल्या विहिरीत गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. पंपानं जास्त उपसा केला की खारं पाणी शिरतं; त्यात संडास-बाथरूमचं पाणी जिरवायचा शोषखड्डा विहिरीला खेटून. शिवाय रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची, होड्या लावायची किनाऱ्यावरची मोकळी जागा आता वॉटर स्पोर्ट्सवाल्यांनाही हवी असते.

सामायिक सातबारावर मुंबईकर भावकीची नावं असतात, त्यामुळे विक्री अडते. माझ्या मते ते एका अर्थी बरंच. घरच्या माणसांनी चालवलेल्या होमस्टेत निदान माड तरी उभे राहतात. बाहेरच्यानं प्लॉट घेतला की पहिलं काम कंपाउंड घालायचं, आणि वहिवाटीची पाणंद बंद.